एकाच किमतीच्या दोन पेट्या

इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करीत असल्यामुळे नात्यागोत्यातील मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलगा सुट्टीला घरी आला आहे, शेजारच्या मुलाकडे गेम कन्सोल आहे, आपणही घ्यावा म्हणतो. तर सोनीचा प्लेस्टेशन घ्यावा की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स? दोहोंत अधिक शक्तिमान कोणता? पन्नास हजार रुपये घालविण्यापूर्वी पालकांनी असे विचारणे स्वाभाविकच आहे. परंतु ‘शक्तिमान’ या शब्दापाशी माझे उत्तर अडते, आणि ते का अडते हे सांगण्यासाठीच हा लेख.

कन्सोल म्हणजे मुळात एक संगणकच होय. घरच्या संगणकात आज मेमरी वाढविता येते, उद्या ग्राफिक्स कार्ड बदलता येते. कन्सोलचे तसे नाही. एकदा ठरलेली रचना सहा-सात वर्षे तशीच राहते आणि जगभरचे खेळ त्या रचनेला धरून लिहिले जातात. शिवाय येथे किंमत आधी ठरते आणि यंत्र मागाहून. चारशे नव्व्याण्णव डॉलरमध्ये जे बसेल ते घ्यायचे, उरलेले सोडायचे. म्हणून कन्सोल समजून घ्यायचा तर त्यात काय घातले यापेक्षा काय सोडले हे पाहावे, असे माझे मत आहे.

याचे उत्तम उदाहरण २०२० सालच्या नोव्हेंबरात मिळाले. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स १० तारखेला आणि सोनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिका, जपान आदी देशांत १२ तारखेला बाजारात आला. (भारतात प्लेस्टेशन ५ यायला २ फेब्रुवारी २०२१ उजाडला.) अमेरिकेत दोघांची किंमत ४९९ डॉलर, आपल्याकडे दोघांची ४९,९९० रुपये. दोन्हींच्या चिपची मूळ रचना एएमडी या एकाच कंपनीची, आठ गाभ्यांचा प्रोसेसर सारख्याच पिढीचा, मेमरी दोघांतही १६ जीबी. इतके साम्य असूनही दोन्ही अभियंत्यांच्या चमूंनी निरनिराळी यंत्रे घडविली.

चित्र रेखाटणाऱ्या भागापासून सुरुवात करू. सिरीज एक्समध्ये अशी ५२ गणन-एकके आहेत आणि ती १.८२५ गिगाहर्ट्झ या स्थिर वेगाने चालतात. प्लेस्टेशनमध्ये एकके अवघी ३६, पण त्यांचा कमाल वेग २.२३ गिगाहर्ट्झ. भोजनगृहात भाकऱ्या थापणारे हात वाढवावेत, की थोड्याच हातांनी भराभर थापाव्यात, असा हा प्रश्न. गुणाकार केला की एकाचे सुमारे १२ टेराफ्लॉप भरतात आणि दुसऱ्याचे १०.२८. जाहिरातींनी व खेळाडूंच्या वादांनी हाच आकडा उचलून धरला.

दोन्ही मार्गांना आपापली किंमत आहे. एकके वाढविली की चिप मोठी होते. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठ्या चिपा कमी निघतात आणि एखादा सूक्ष्म दोष त्यातल्या अधिक चिपा वाया घालवितो. हा अपव्यय टाळण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी एक युक्ती केली आहे. सिरीज एक्सच्या चिपवर प्रत्यक्षात ५६ एकके कोरलेली असतात व प्लेस्टेशनच्या चिपवर ४०. प्रत्येकी चार बंद ठेवतात, म्हणजे एखादे सदोष निघाले तरी चिप फेकावी लागत नाही. उलट वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थोडक्या वेगासाठी पुष्कळ उष्णता सोसावी लागते. सोनीने यावर असा उपाय केला की विजेची मर्यादा कायम ठेवायची आणि काम फारच जड झाले तर वेग किंचित उतरू द्यायचा.

मात्र माझ्या मते या पिढीतला खरा बदल टेराफ्लॉपचा नव्हताच. तो साठवणुकीचा होता. मेमरी हा स्वयंपाकघरातला ओटा मानला तर डिस्क हे कोठीघर. ओट्यावर जे हाताशी आहे त्याचाच स्वयंपाक होतो; बाकी सारे कोठीतून आणावे लागते. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये कोठी म्हणजे फिरत्या चकतीची हार्ड डिस्क होती. एक जीबी माहिती ओट्यावर यायला तीत सुमारे वीस सेकंद लागत, असे प्लेस्टेशन ५ चे मुख्य शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील आपल्या व्याख्यानात सांगितले. खेळ लिहिणारे मग नाना क्लृप्त्या करीत. खेळातील नायक एखाद्या लिफ्टमध्ये उगाच उभा राहतो, किंवा अरुंद वळणावळणाच्या वाटेने सावकाश जातो. त्या वेळी पडद्यामागे पुढच्या दृश्याची माहिती गोळा होत असते. डिस्कच्या सुईला दूर जावे लागू नये म्हणून रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या क्षुल्लक वस्तूची तीच माहिती शेकडो ठिकाणी पुन्हा पुन्हा नोंदविलेली असे. मंद यंत्र खेळाच्या कथेलाही वळण लावते, ते असे.

नव्या पिढीत मेमरी आठ जीबीवरून केवळ सोळावर गेली. त्या आधीच्या पिढीत ती अर्ध्या जीबीवरून आठवर, म्हणजे सोळा पट वाढली होती. मेमरी आता स्वस्त होत नाही, तेव्हा ओटा वाढविणे परवडणारे नव्हते. म्हणून कोठीकडून येणारी वाट रुंद केली. दोन्ही कंपन्यांनी हार्ड डिस्क सोडून एसएसडी घेतली. मायक्रोसॉफ्टने १ टीबी जागा आणि सेकंदाला २.४ जीबी वेग पत्करला. सोनीने वेग ५.५ जीबीवर नेला, पण त्यासाठी बारा वाहिन्यांची स्वतंत्र रचना करावी लागली आणि जागा ८२५ जीबी अशा विचित्र आकड्यावर थांबली. एका मोठ्या खेळाला शंभर जीबी लागू शकतात हे लक्षात घेतले तर ही काटछाट लहान नाही. वेग हवा असणाऱ्याला जागेची चणचण, जागा हवी असणाऱ्याला वेग कमी.

उष्णतेचा विषय आपल्याकडच्या वाचकांना अधिक जिव्हाळ्याचा वाटेल. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी आतील सूक्ष्म जोड तडकत आणि यंत्रावर लाल दिव्यांचे कडे दिसू लागे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. तो धडा सर्वांनीच घेतला. प्लेस्टेशन ५ ची उंची ३९ सेंटिमीटर व वजन साडेचार किलो का, याचे उत्तर आतल्या उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या अवजड भागात आहे. चिप आणि हा भाग यांच्यामध्ये सोनीने द्रवरूप धातू वापरला. तो उष्णता उत्तम वाहतो, पण विजेचाही वाहक असल्याने सांडल्यास घात करतो. त्याला बंदिस्त ठेवण्याची खटपट कंपनीने दोन वर्षांहून अधिक काळ केली. इतके करूनही त्याच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्याची कल्पना त्या मर्यादेत नाही. आणि मुलांची सुट्टी नेमकी तेव्हाच असते!

आता पालकांच्या खिशाशी थेट संबंध असलेल्या गोष्टीकडे वळतो. प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती भारतात ३९,९९० रुपयांना आली. चिप तीच, मेमरी तीच, वेग तोच. फक्त डिस्क घालण्याची खाच नाही. दहा हजार वाचले असे वाटते. परंतु सोनीच्या नव्या मोठ्या खेळाची छापील किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत जाते. डिस्क असेल तर खेळ संपल्यावर ती विकता येते, मित्राला देता येते, त्याची आपण आणता येते. एकेक पाठ्यपुस्तक तीन-तीन भावंडांनी वापरलेल्या घरांना याचे मोल सांगायला नको. डिजिटल प्रत खात्याला बांधलेली असते. ती ना विकता येते ना कुणाच्या हाती देता येते. यंत्र स्वस्त करण्यासाठी काढलेला भाग ग्राहक पुढे हप्त्याहप्त्याने भरत राहतो. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी डिस्कच्या पुनर्विक्रीवर बंधने आणि दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी, अशी योजना जाहीर केली होती. लोक इतके संतापले की महिन्याभरातच ती मागे घेतली गेली. जे तेव्हा नियमाने लादता आले नाही, ते आता खाच काढून टाकल्याने आपोआप साधते आहे.

मायक्रोसॉफ्टने स्वस्त यंत्राचा मार्ग आणखी पुढे नेला. सिरीज एस २९९ डॉलरला दिला. त्यात डिस्कची खाच तर नाहीच, शिवाय गणनशक्ती सुमारे ४ टेराफ्लॉप आणि मेमरी १० जीबी. चित्र थोडे कमी रेखीव दिसेल, बाकी खेळ तोच, अशी कल्पना होती. ज्यांना मोठा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मला ती आजही योग्य वाटते. पण चित्राची रेखीवता कमी करता येते, तशी मेमरीची गरज कमी करणे सोपे नसते, हे २०२३ साली उघड झाले. लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ सप्टेंबरात प्लेस्टेशन ५ वर आला. त्यात दोन खेळाडू एकाच पडद्याचे दोन भाग करून शेजारी बसून खेळू शकतात, म्हणजे यंत्राला एकाच वेळी दोन जगे मांडावी लागतात. सिरीज एसच्या ओट्यावर ती मावेनात. एक्सबॉक्सच्या दोन्ही यंत्रांवर सोयी सारख्याच हव्यात हा दंडक अखेर कंपनीने शिथिल केला आणि खेळ डिसेंबरात आला. सिरीज एसवर मात्र शेजारी बसून खेळण्याची सोय वगळून.

ज्या घरात यंत्र एकच आणि मुले दोन, त्याच घरात स्वस्त यंत्र जाण्याचा संभव अधिक. आणि वगळली गेली ती नेमकी दोघांनी मिळून खेळण्याची सोय. लॅरियनच्या अभियंत्यांनी काम सोडले नाही. एप्रिल २०२५ मधील सुधारणेत त्यांनी ती सोय सिरीज एसवरही आणून दिली, त्याच १० जीबीत.