जांघ दुखते, पण सांगायचं कोणाला?

होस्टेलमध्ये दुखणी दोन प्रकारची. ताप, दात, डोकं ही सर्वांना सांगायची अन् जांघेचं दुखणं लपवायचं. आमच्या विंगमधल्या मेळघाटच्या मित्राने ते तीन महिने लपवलं. गॅदरिंगच्या कबड्डीत पाय ताणला होता, म्हणून "काही नाही बे, नस चढली असन" असं म्हणत आम्हीही मलम पुढे केलं. मग तो लंगडायला लागला, गुडघाही दुखते म्हणाला, तेव्हा कुठे त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गुडघ्याआधी खुबा तपासला. खुब्याची कळ जांघेत आणि कधी कधी गुडघ्यात जाणवते, हे आम्हाला तेव्हा कळलं. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त कमी पडतं आणि तो हळूहळू खचतो. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र आधी कळतं. वेळेत सापडलं तर खुबा वाचवायचे उपाय आहेत, उशीर झाला तर तो बदलावा लागतो. सिकलसेल आपल्या विदर्भात बराच आढळतो, म्हणून घरात कोणाला असेल तर तपासणी करूनच घ्या. फार दारू किंवा जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइडं यांनीही हाडाचं असंच होतं.

अर्थात दरवेळी खुबाच असतो असं नाही. खेळाडूंमध्ये बहुतेक वेळा मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ताणलेला असतो. दोन गुडघ्यांत उशी धरून दाबली की कळ येते. विश्रांतीने तो बरा होतो. खोकलताना फुगणारा आणि आडवं पडल्यावर आत जाणारा गोळा म्हणजे अंतर्गळ, आपला हर्निया. तो मालिशने बसत नाही, सर्जनच लागतो. आजी जिला अवधाण म्हणते ती गाठ पायाच्या जखमेने येते, आधी बोटांच्या बेचक्या पाहा. आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांना मुतखडा काही नवा नाही. त्याची कळ कमरेतून जांघेकडे उतरते.

दोन-तीन आठवडे विश्रांती घेऊनही दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, लंगडत असाल, ताप असेल, तर थांबू नका. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहेच. मात्र अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर सकाळचीही वाट पाहू नका. पीळ बसला असेल तर पहिले सहा तास मोलाचे असतात. गोळा अडकून उलट्या सुरू झाल्या तरी तेच. रात्रीचे दोन वाजले असले तरी रेक्टर सरांना उठवा, ते रागावणार नाहीत.

अन् डॉक्टरांपुढे लाजून "पोट दुखते" म्हणू नका, बोट ठेवून दाखवा. आमचा मित्र आधी एकदा एकटाच एका दवाखान्यात गेला होता म्हणे. पोट दुखते म्हणाला आणि ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन परत आला.