सायकलची सीट आणि न सांगितले जाणारे दुखणे

सायकल चालवून पाय दुखले की माणूस घरी येऊन सांगतो. अम्मी तेल गरम करते, दादी पाय दाबून देते. पाठ दुखली तरी सांगतो. पण सीटवर बसून बसून कातडी सोलली, जांघेत लागले किंवा बसायच्या जागी केसतूड झाले, तर तो कोणालाच सांगत नाही. मुलगी तर नाहीच नाही. ती दुसऱ्या दिवशी शाळेला चालत निघते आणि विचारले तर म्हणते, चाक पंक्चर आहे.

आमच्या जालना जिल्ह्यात सायकल हा हौसेचा विषय फार थोड्यांसाठी आहे. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, पहाटे कॅन लटकवून निघणारा दूधवाला, पाव-खारी विकणारा, गावोगाव कपड्याची फेरी करणारा, या लोकांची रोजी सायकलवर चालत आली आहे. आता त्यांतले बरेच जण मोटारसायकलवर गेले, पण सगळे नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्यापासून खेड्यातून शाळेला येणाऱ्या मुलींची रांग सकाळी रस्त्यावर दिसते. त्यांत आपल्या मुलीही आहेत. ज्या घरात दहावीनंतर “एवढ्या लांब रोज कशी जाईल?” हा प्रश्न हमखास निघायचा, तिथे सायकलने तो प्रश्न थोडा मागे ढकलला आहे. म्हणून सीटचे दुखणे आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. बसायला त्रास होतो एवढ्यावरून मुलीची सायकल बंद पडली, तर तिच्याबरोबर आणखीही काही बंद पडू शकते.

आमच्या शाळेत एक मुलगी फाटकापासून बरेच अंतर सायकल हातात धरून येताना दिसायची. बाईंनी बाजूला घेऊन विचारले तेव्हा कळले की बसवतच नाही. सायकल पाहिली तर सीटचे टोक वर आकाशाकडे! नवी सायकल जोडताना कोणीतरी तशीच कसली होती. पाना लावून सीट सपाट केली, थोडी उंच केली. पाच मिनिटांचे काम होते, पण ती आठ-दहा दिवस न बोलता सोसत होती.

हे दुखणे होते कसे, ते समजले की उपाय आपोआप सुचतात. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा शरीराचा भार कुल्ल्यांच्या खालच्या दोन हाडांवर येतो. कठीण ओट्यावर बसून थोडे पुढे-मागे झुललात, की ती दोन्ही हाडे बरोबर हाताला लागतात. सायकलवरही भार तिथेच यायला हवा, कारण ती जागा भार सोसण्यासाठीच आहे. दोन्ही मांड्यांमधली नाजूक जागा त्यासाठी नाही. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे दाब आला की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. ही झाली दाबाची गोष्ट. दुसरी गोष्ट घासण्याची. पाय मिनिटाला साठ-सत्तर वेळा फिरतात, म्हणजे तासाभरात मांडी सीटच्या कडेला चार हजार वेळा घासली. तिसरी गोष्ट घामाची. ओली कातडी लवकर सोलते, सोललेल्या कातडीतून जंतू केसाच्या मुळाशी शिरतात आणि केसतूड होते. दाब, घासणे आणि ओल या तिघांपैकी एकाला तरी रोखले, तरी निम्मे काम होते.

आता सीटची उंची. आपल्याकडे बहुतेकांची सीट खाली असते. शिकताना पाय जमिनीला टेकावेत म्हणून खाली केली, ती तशीच राहिली. सीट खाली असली की गुडघे वाकलेलेच राहतात, पायडलवर जोर पडत नाही आणि माणसाचा सगळा भार सीटवर बसतो. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. चालवताना टाच नाही तर तळव्याचा पुढचा भाग पायडलवर असतो, म्हणून तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो. तेवढेच हवे. याहून उंच केली तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि कातडी सोलते. मागून दुसऱ्याने पाहिले की लगेच कळते. मुलगी अजून कच्ची असेल, तर आठवड्याला बोटभर वर घेत न्यावे, एकदम नको. सीटचा दांडा किती बाहेर काढायचा याची खूण दांड्यावर असते. ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

सीट जमिनीला समांतर हवी. टोक वर असेल तर नाजूक जागेवर दाब येतो, जास्त खाली झुकले तर माणूस पुढे घसरत राहतो आणि मनगटे दुखतात. पाण्याची पातळी पाहायचे गवंड्याचे लेव्हल घरात असेल तर ते सीटवर ठेवा, नसेल तर पाण्याची बाटली आडवी ठेवूनही अंदाज येतो.

सीट मऊ असली की त्रास होत नाही, हा समज फार पक्का आहे. दुकानात मिळणारे जाड जेलचे कव्हर पाच किलोमीटरला सुखाचे वाटते. पंचवीस किलोमीटरला दोन्ही हाडे त्यात रुततात, मधला फुगवटा वर येतो आणि जिथे दाब नको नेमका तिथेच येतो. जुन्या काळ्या सायकलींना येणारी चामड्याची सीट दगडासारखी वाटायची, पण काही महिन्यांत बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे तिला खळगे पडायचे आणि मग दुसऱ्याच्या सायकलवर बसवत नसे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन ब्रूक्स यांनी अशा सीटचे पेटंट १८८२ मध्ये घेतले. सांगतात की त्यांचा घोडा मेला, म्हणून ते सायकलवर आले आणि पहिल्याच लाकडी सीटने त्यांना हैराण केले. म्हणजे हे रडगाणे सायकलइतकेच जुने आहे.

रुंदीचेही तसेच. ताठ बसून चालवायच्या साध्या सायकलला रुंद, स्प्रिंगची सीट बरोबर असते. हँडल खाली असलेल्या, वाकून चालवायच्या सायकलला तीच सीट लावली तर मांड्या घासतात. आणि बायकांची ही दोन हाडे साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, म्हणून भावाची सायकल बहिणीला टोचते यात नवल नाही. माप घरात, दार लावून, कोणाला न सांगता घेता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण खुर्चीवर ठेवा, पायाखाली पाट घेऊन गुडघे थोडे वर घ्या आणि मिनिटभर जोर देऊन बसा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यातले अंतर मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. एवढ्या रुंदीची सीट पुरते, ताठ बसणाऱ्याला त्याहून थोडी जास्त. दुकानदाराला फक्त आकडा सांगायचा, कारण सांगायची गरज नाही.

कपड्यांकडे आपण फक्त साखळीत अडकतील का एवढ्याच नजरेने पाहतो. ते तर पाहायलाच हवे. बुरखा, ओढणी, सलवारचा घेर यांसाठी साखळीला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी बसवून घ्यावी. पण त्रास आतल्या कपड्याचा असतो. जीन्सच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात, नेमके तिथेच माणूस बसतो. त्यावरून वीस किलोमीटर जाणे म्हणजे दोरीच्या गाठीवर बसणे. सुती कपडा जवळच्या अंतराला चांगला, पण लांबच्या पल्ल्याला तो घाम पितो आणि ओलाच राहतो. लांब जाणाऱ्यांसाठी पॅड शिवलेली घट्ट अर्धी चड्डी मिळते. ती सैल सलवार किंवा पायजम्याच्या आत कोणालाही दिसत नाही. ती थेट अंगावर घालायची असते, खाली दुसरा आतला कपडा घातला की त्याच्या शिवणी पुन्हा घासतात आणि पैसे वाया जातात. दर वापरानंतर ती धुऊन उन्हात वाळवायची. आणि मुक्कामी पोहोचल्यावर चहा नंतर, कपडे आधी. ओल्या कपड्यात गप्पा मारत बसलेला अर्धा तास केसतूड होण्यासाठी पुरेसा असतो. धुवावे, कोरडे करावे, सैल कपडा घालावा.

निघण्याआधी घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा पातळ हात लावला तर घर्षण कमी होते. तिथले केस मुळापासून काढलेले असतील तर नव्या येणाऱ्या केसांशी केसतूड लवकर होते. लांबच्या फेरीच्या आदल्या दिवशी तरी वस्तरा चालवू नये.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभी केलेली काळी सीट तव्यासारखी होते. सायकल सावलीत लावा, नाहीतर सीटवर ओले फडके टाकून ठेवा. काही फेरीवाले सीटवर टॉवेलच बांधतात. एकेरी, ताणून बांधला तर ठीक, घड्या घातल्या तर त्या घड्याच टोचतात.

रोजचे अंतर सोडून मुद्दाम लांब जाणारेही आता वाढले आहेत. फज्रनंतर निघून बदनापूर किंवा अंबडपर्यंत जाऊन येणारी तरुण मुले आम्हाला दिसतात. काहींना २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची असते. त्यात साडेतेरा तासांची मुदत असते, स्पर्धा नसते, फक्त पूर्ण करायचे. त्यांना आमचे सांगणे एकच, की फुप्फुसे आणि पाय तयार झाले म्हणजे कातडी तयार झाली असे नाही. रविवारी एकदम साठ किलोमीटर मारण्यापेक्षा आठवड्यात तीन वेळा पंधरा-वीस करा आणि हळूहळू वाढवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून अर्धा मिनिट चालवा, म्हणजे दबलेल्या जागेत रक्त फिरते. खड्डा किंवा गतिरोधक दिसला की बसून घेऊ नका, गुडघे सैल ठेवून थोडे उठा. हाबक्याचा मार हाडांऐवजी पायांनी झेलायचा. चाकात हवा दगडासारखी भरली असेल तर तीही हाडांनाच लागते.

या खेळात महाराष्ट्राची माणसे कुठवर गेली, तेही मुलांना सांगावे. रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली. एकट्याने करणाऱ्याला १२ दिवस मिळतात आणि २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने ती मुदतीत संपवली. चौघेही डॉक्टर! दिवसाला चारशे किलोमीटर सीटवर बसायचे तर कातडीची काळजी पायांइतकीच घ्यावी लागते. ती घेऊनही दगा होतो. आयर्लंडचा शॉन केली १९८७ मध्ये स्पेनच्या मोठ्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता, शेवट अवघ्या तीन दिवसांवर होता आणि सीटच्या गळवामुळे त्याला शर्यत सोडावी लागली. पुढच्या वर्षी तीच शर्यत त्याने जिंकली.

तरुणांच्या मनात एक भीती असते, ती ते मित्रांतही दबक्या आवाजात बोलतात. सायकलने पुरुषत्वावर परिणाम होतो का? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी सायकलवाले, पोहणारे आणि धावणारे अशा हजारो पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. सायकलवाल्यांची तब्येत या बाबतीत इतरांपेक्षा वाईट निघाली नाही. बधिरपणा मात्र त्यांच्यात जास्त होता आणि जे वरचेवर उभे राहून चालवतात त्यांच्यात कमी. म्हणून भिऊन सायकल सोडायची नाही, पण बधिरपणा आला तर तो अंगावर काढायचाही नाही. सीट तपासा. उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

केसतूड झालेच तर फोडू नये, पिळू नये. दोन-चार दिवस सायकल थांबवावी, दिवसातून तीन-चारदा कोमट पाण्याने शेकावे, जागा कोरडी ठेवावी. गाठ वाढत असेल, ताप आला असेल किंवा नमाजेत बसणेही जड जात असेल, तर डॉक्टरांकडे जावे. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी एक दिवसही वाट पाहू नये. आणि मेडिकलमधून “खाजेची ट्यूब द्या” म्हणून आणणे बंद करा. जांघेत खाजणारा गोल चट्टा बहुतेक वेळा गजकर्णाचा असतो आणि अशा अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवस खाज थांबते, गजकर्ण आतून पसरत राहते आणि कातडी पातळ होते. मग महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात. मुलीला पुरुष डॉक्टरकडे जायला संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर शोधा, पण न्या.

घरात एकच सायकल असते आणि ती तिघे वापरतात. सकाळी बहीण शाळेला, दुपारी भाऊ ट्यूशनला, संध्याकाळी अब्बा बाजारात. प्रत्येक जण सीट वर-खाली करतो आणि सकाळी मुलीला घाईत कोणाची तरी उंची मिळते. त्यासाठी सीटच्या दांड्यावर प्रत्येकाच्या उंचीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळून ठेवावी. नटाऐवजी हाताने फिरवायची क्लिप सायकल मिस्त्रीकडून बसवून घेतली की पानाही शोधावा लागत नाही. मुलगी स्वतः आपल्या रंगाच्या पट्टीवर सीट आणते, क्लिप दाबते आणि निघते.