पुसट अक्षरांची वीस वर्षं

लॅपटॉपच्या पडद्यावर पिक्सेल जितके दाट, तितकी अक्षरं सुबक दिसायला हवीत. २०१३च्या सुमारास बाजारात दाट पडद्यांचे लॅपटॉप आले, तेव्हा बऱ्याच जणांना नेमका उलटा अनुभव आला. ब्राउझरमधली अक्षरं कोरल्यासारखी, आणि शेजारच्या खिडकीत उघडलेल्या हिशेबाच्या किंवा डीटीपीच्या प्रोग्रॅममधली अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी. जास्त पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर मजकूर आधीपेक्षा वाईट दिसत होता. चष्म्याचा नंबर वाढला की काय, अशी शंका येणं साहजिक होतं. पण यात डोळ्यांचा दोष नव्हता आणि पडद्याचाही नव्हता. एक पिक्सेल म्हणजे अमुक एवढा आकार, हे १९८०च्या दशकापासून सगळ्यांनी धरून चाललेलं गृहीतक मोडलं होतं.

१९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशवर इंचाला ७२ पिक्सेल होते. छपाईतला पॉइंटही इंचाचा बहात्तरावा भाग, त्यामुळे पडद्यावरचा एक पिक्सेल आणि कागदावरचा एक पॉइंट जुळायचे. पडदा कागदापेक्षा लांबून पाहिला जातो म्हणून विंडोजने अक्षरं एक तृतीयांशाने मोठी करायची ठरवली आणि ९६ हा आकडा धरला. पुढची पंचवीस वर्षं प्रोग्रॅमर या ९६वर विसंबून राहिले. विंडोजचं साधं बटण ७५ पिक्सेल रुंद आणि २३ पिक्सेल उंच, असे आकडे कोडमध्ये थेट लिहिले जात. यात फारसं बिघडत नव्हतं, कारण पडदेही त्याच्याच आसपास राहिले. आपल्याकडे घरोघरी दिसणारा १५.६ इंची, १३६६ बाय ७६८चा लॅपटॉप घ्या. त्यावर इंचाला साधारण १०० पिक्सेल पडतात.

पुढे काय होणार याची चुणूक २००१ सालीच मिळाली होती. आयबीएमने टी२२० हा २२ इंची मॉनिटर काढला. ३८४० बाय २४०० पिक्सेल, इंचाला २०४. त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती आणि तो विशेष कामांपुरता राहिला, पण ज्यांना पाहायचं होतं त्यांना दिसलं असेल की अशा पडद्यावर २३ पिक्सेलचं बटण जेमतेम तीन मिलिमीटर उंच उरतं.

मायक्रोसॉफ्टने ते पाहिलं होतं. विंडोज व्हिस्टात त्यांनी जो तोडगा आणला, तो आजही प्रत्येक विंडोज लॅपटॉपवर चालू आहे आणि आपल्या पुसट अक्षरांचं मूळही तिथेच आहे. दाट पडदा आपल्याला कळतो की नाही, हे प्रोग्रॅमने आपल्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकात, जाहीर करायचं. ज्याने जाहीर केलं नाही, त्याला विंडोज चक्क खोटं सांगते: पडदा ९६चाच आहे. प्रोग्रॅम बिचारा त्या हिशेबाने आपली खिडकी रंगवतो. मग विंडोज त्या तयार चित्राला दीडपट किंवा सव्वापट ताणून पडद्यावर ठेवते. अक्षराची मूळ रेषा नव्याने काढली जात नाही, रंगवून झालेले ठिपके ताणले जातात. दीडपटीत एका ठिपक्याचे दीड ठिपके करायचे, आणि अर्धा ठिपका पडद्यावर नसतोच. मग कडेला करडी छटा भरावी लागते. पुसटपणा म्हणजे ही करडी छटा.

अ‍ॅपलने वेगळी वाट धरली. २०१०च्या आयफोन ४मध्ये ४८० बाय ३२०चे ९६० बाय ६४० झाले, बरोबर दुप्पट. जून २०१२मध्ये १५ इंची मॅकबुक प्रो आला, १४४० बाय ९००चे २८८० बाय १८०० घेऊन. दुपटीत अपूर्णांकाचा प्रश्न उद्भवत नाही. जुन्या प्रोग्रॅमचा एक ठिपका म्हणजे नव्या पडद्यावरचे चार. तो प्रोग्रॅम जाडाभरडा दिसेल, पण त्याच्या कडा करड्या होणार नाहीत. मधला आकार हवा असेल तर मॅक आधी गरजेपेक्षा मोठं चित्र रंगवते आणि मग ते आक्रसते. थोडी सफाई त्यातही जाते, पण हातात जास्त तपशील असताना कमी करणं आणि नसलेला तपशील ताणून आणणं यांत मोठा फरक आहे. अ‍ॅपलला हे परवडलं, कारण पडदाही त्यांचा आणि प्रणालीही त्यांची. विंडोजच्या बाजूला डझनावारी उत्पादक होते. १४ इंचात १९२० बाय १०८० बसवला की इंचाला १५७ पिक्सेल होतात: शंभर टक्क्यांना अक्षरं फार बारीक, दोनशेला फार मोठी. दीडपटीचा तिढा त्या पडद्यांनीच आपल्या माथी मारला.

२०१३ ते २०१७ हा सगळ्यात त्रासाचा काळ. विंडोज ८.१ने प्रत्येक मॉनिटरला वेगळं प्रमाण द्यायची सोय केली, आणि लॅपटॉपला ऑफिसातला जुना मॉनिटर जोडणाऱ्यांना नवाच प्रकार दिसू लागला. खिडकी एका पडद्यावर स्वच्छ, दुसऱ्यावर ओढली की धूसर. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅमही मागे होते. विंडोजवरच्या फोटोशॉपमध्ये दुपटीची सोय २०१४मध्ये आली, तीही प्रायोगिक म्हणून. जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांना विंडोजवर ही समज २०१७च्या जावा ९ने दिली. त्याच वर्षी विंडोज १०च्या क्रिएटर्स अपडेटमध्ये एक खरोखर हुशार तोडगा आला. जुना प्रोग्रॅम विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने अक्षरं काढत असेल, तर ती आज्ञा मधेच अडवून अक्षर मोठ्या आकारात नव्याने काढायचं. माझ्या मते या सगळ्या काळात मायक्रोसॉफ्टने केलेलं हे सर्वांत मोलाचं काम, आणि ते प्रॉपर्टीजच्या कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये इतकं खोल ठेवलंय की फार थोड्यांना माहीत आहे.

देवनागरीला याची झळ जास्त बसली, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. रोमन अक्षर थोडं धूसर झालं तरी शब्दाच्या आकारावरून वाचता येतं. आपल्याकडे ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांना वेगळं करायला शिरोरेषेतली छोटीशी फट फार मदत करते. ९६च्या हिशेबात छोट्या आकाराच्या मजकुराला ती फट म्हणजे एखाद-दुसरा पिक्सेल. चित्र दीडपट ताणलं की करडी छटा आधी त्या फटीत शिरते. अनुस्वाराचा ठिपका, उकाराचं शेपूट, ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ, सगळ्यांची तीच गत. मजकूर वाचणाऱ्याला संदर्भाने कळतं, पण मुद्रितशोधकाने संदर्भावर विसंबायचं नसतं. त्याचं काम अक्षर पाहण्याचं आहे.

आणि नेमक्या त्याच कामाची साधनं सर्वांत जुनी आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत पेजमेकर ७ आणि श्रीलिपी किंवा आयएसएमचे युनिकोडपूर्व फॉन्ट यांवर वर्षानुवर्षं पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका तयार झाल्या. पेजमेकर ७ हा २००१चा, व्हिस्टाच्याही आधीचा. ज्या जाहीरनाम्याची मागणी विंडोज करते, ती त्याच्या जन्माच्या वेळी अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे तो दाट पडद्यावर ताणलाच जाणार. हे ताणणं नसतं तर तो मुंगीएवढ्या मेनूंसह उघडला असता आणि ऑपरेटरला काम करणंच अशक्य झालं असतं, हेही मान्य केलं पाहिजे. जुनं चालू ठेवण्याचा विंडोजचा हट्ट मला म्हणूनच सरसकट चुकीचा वाटत नाही. तक्रार आहे ती २०१३नंतर नवे प्रोग्रॅम लिहूनही ते एक जाहीर विधान न करणाऱ्यांबद्दल.

लिनक्सची गाडी उशिरा सुटली. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपने २०१३मध्ये फक्त दुपटीची सोय केली. खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेत प्रोग्रॅमला दीडपट हा आकडा थेट सांगता यावा, यासाठीचा प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२२मध्ये आला. तोवर दुपटीत रंगवून आक्रसणं हाच मार्ग होता आणि एक्स११ या जुन्या व्यवस्थेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांच्या खिडक्या ताणल्याच जात होत्या. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने त्याच वर्षी त्या खिडक्यांना आपलं प्रमाण आपण सांभाळू द्यायचा पर्याय दिला.

आजच्या नव्या लॅपटॉपवर ब्राउझर, ऑफिस, फोटोशॉप यांत हा त्रास जवळपास उरलेला नाही. उरलाय तो जुन्या डीटीपीत आणि कधीकाळी करून घेतलेल्या, आता कोणी हात न लावणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमांत. त्यांच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज इथे जावं, ओव्हरराइडच्या चौकोनात टिक करावी आणि ‘सिस्टिम (एन्हान्स्ड)’ निवडून पाहावं. काही प्रोग्रॅमांत अक्षरं लगेच स्वच्छ होतात, काहींत खिडकीची मांडणी विस्कटते. विस्कटली तर मुद्रितं तपासण्यापुरता २४ इंची, १९२० बाय १०८०चा साधा मॉनिटर जोडावा, त्याचं प्रमाण १०० टक्के ठेवावं आणि विंडोजमध्ये तोच मुख्य पडदा करावा. त्याच्यावर इंचाला ९२ पिक्सेल आहेत, आणि पेजमेकर लिहिणाऱ्यांनी जवळपास तेवढेच धरले होते.