पुस्तकावरून बँडसाठी चाल लिहिताना

मित्रहो, आपल्या बँडमध्ये वाजवणारे पुष्कळ आहेत, पण बँडसाठी चाल लिहून देणारे फार थोडे. एका चालीतून प्रत्येक वाद्याचा वेगळा भाग तयार करणे म्हणजे संगीत संयोजन. शिकवणारे जवळ नसतील तर ते पुस्तकावरून शिकता येते का? येते, पण एका अटीवर.

रशियाचे संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह हे नौदलाचे अधिकारी होते. १८७१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला संगीताचे प्राध्यापक झाले, तेव्हा हार्मनीचे शास्त्र ते रीतसर शिकलेले नव्हते. त्यांनी पुस्तके उघडली आणि विद्यार्थ्यासारखे स्वाध्याय सोडवले. १८७३ मध्ये नौदलाच्या बँडचे निरीक्षक झाल्यावर त्यांनी क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन अशी वाद्ये स्वतः हाताळली. वाद्यवृंदासाठी कसे लिहावे यावरचा त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

आपल्याकडचे उदाहरण मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांचे. 'वंदे मातरम्'ची चाल बँडवर नीट बसत नाही, असा आक्षेप राष्ट्रगीताच्या चर्चेत घेतला गेला. मास्तरांनी झिंझोटी रागातली आपली चाल मुंबईच्या पोलीस बँडच्या मदतीने बसवली आणि दिल्लीत येऊन प्रात्यक्षिक दिले. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले आणि 'वंदे मातरम्'ला समान मान मिळाला. मास्तरांचा रागांचा अभ्यास दांडगा होता. तरी चाल बँडवर बसते की नाही, हे त्यांनी बँडकडूनच वाजवून घेऊन दाखवले.

आता माझा अनुभव. माझे घर दिल्लीत करोल बागेत आहे. सोन्याचांदीच्या कामासाठी सांगलीकडून आलेली बरीच मराठी कुटुंबे तिथे राहतात, आणि गणपती जोरात होतो. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी आरती बँडवर वाजवायचे ठरवले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, आल्टो सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन एवढीच वाद्ये होती. मंडळातले काका म्हणाले, "जमलं नाही तर बँड भाड्याने आणू. आणि त्या आठवीतल्या छोट्याला झांजा द्या." छोटा मला म्हणाला, "दादा, मी ट्रम्पेटच वाजवणार."

जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणलेले पुस्तक घेऊन मी बसलो. पहिला धडा सुरांच्या बदलाचा. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर 'सी' लिहिला की ऐकू येतो बी-फ्लॅट. आल्टो सॅक्सोफोनवर तोच बी-फ्लॅट हवा असेल तर 'जी' लिहावा लागतो. ट्रॉम्बोनला मात्र बी-फ्लॅटच लिहायचा. म्हणजे चौघे एकच सूर वाजवतात, पण त्यांचे कागद वेगळे असतात.

दुसरा धडा वाद्याच्या हद्दीचा. पुस्तकात ट्रम्पेटची हद्द वरच्या 'सी'पर्यंत दिली होती. छोट्याला मी एकेक सूर वर चढायला सांगितले. 'ई'पर्यंत त्याचा सूर स्वच्छ होता, पुढे ओठ थकत होते. वाद्याची हद्द पुस्तकात सापडते, वाजवणाऱ्याची हद्द त्याच्याकडूनच ऐकावी लागते. म्हणून मुख्य चाल क्लॅरिनेटला दिली. ट्रम्पेटला तिच्याखालचा दुसरा सूर दिला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाची खूण केली. ट्रॉम्बोनकडे खालचे आधाराचे सूर दिले. जिथे गाताना मींड घेतात तिथली सुरावट त्याच्याकडे सोपवली, कारण सरकत्या नळीमुळे ती त्यालाच सहज जमते. सॅक्सोफोनने मधली जागा भरली.

दहा दिवस रोज संध्याकाळी तालीम केली. विसर्जनाला तिन्ही कडवी वाजली, छोट्याचा सूर शेवटपर्यंत टिकला, आणि भाड्याचा बँड लागला नाही.

तेव्हा मित्रहो, सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी चाल गाऊन पाठ करा, मग लिहा. प्रत्येक वाद्याची मर्यादा वहीत नोंदवा. आपल्या पाइप बँडच्या बॅगपाइपवर नऊच सूर आहेत, म्हणून त्यात बसणारीच चाल निवडा. आठ मात्रा लिहून झाल्या की लगेच वाजवून घ्या. अट ती हीच: पुस्तकाचे प्रत्येक पान बँडच्या खोलीत तपासून घ्यायचे. आणि भाग लिहिताना सगळ्यात लहान वादकाचा भाग सगळ्यात आधी लिहा. तो टिकला की बँड टिकतो.