घरच्या घरी ब्रेडस्टिक : कृती, विज्ञान आणि आपले शब्द



हॉटेलात सूपबरोबर येणाऱ्या खुसखुशीत पावाच्या काड्या मुलांना फार आवडतात. बेकरीत त्यांना सूप स्टिक म्हणतात. त्या घरी करणे मुळीच कठीण नाही.

ही काडी मूळची इटलीतील तुरिन शहराची. तेथे तिला ग्रिसिनी म्हणतात. सतराव्या शतकात तेथील आजारी राजपुत्राला पचेल असा पाव म्हणून ती तयार झाली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे पाव आणला पोर्तुगीजांनी. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. गोव्यातील पोदेर पूर्वी पीठ फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत. आपल्या ग्वाल्हेरला माड कोठला? तेव्हा बाजारातील कोरडे यीस्ट घ्यावे.

साहित्य : मैदा 150 ग्रॅम, कणीक 100 ग्रॅम, कोरडे यीस्ट 1 लहान चमचा, साखर 1 लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा, तेल 2 मोठे चमचे, ओवा किंवा तीळ, कोमट पाणी सुमारे 150 मिलिलिटर.

कृती : अर्धी वाटी कोमट पाण्यात साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. फेस आला की यीस्ट जिवंत आहे असे समजावे. फेस आला नाही तर दुसरे यीस्ट आणावे. पीठ वाया घालवू नये. मग पीठ, मीठ, ओवा, तेल एकत्र करून त्यात हे पाणी व लागेल तसे उरलेले पाणी घालावे आणि आठ-दहा मिनिटे चांगले तिंबावे. गोळा झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावा. नंतर लहान गोळ्या करून पोळपाटावर पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वळाव्यात व पंधरा मिनिटे तशाच ठेवाव्यात. ओव्हनमध्ये 200 अंशांवर 15 ते 18 मिनिटे भाजाव्यात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्यावा, वर कडे ठेवून झाकण लावावे, दहा मिनिटे तापवावे आणि ताटलीत काड्या ठेवून मध्यम आचेवर 20-25 मिनिटे भाजाव्यात. मध्ये एकदा उलटाव्यात. कढईजवळचे काम मोठ्यांनीच करावे.

यामागील विज्ञान : यीस्ट हा सूक्ष्म जीव आहे. तो साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. तिंबल्याने गव्हातील प्रथिनांची जाळी तयार होते व वायू तीत अडकतो. म्हणून पीठ फुगते. उकळते पाणी घातले तर यीस्ट मरते, थंडीत ते सुस्त होते. मे महिन्यात आपल्याकडे अर्ध्या-पाऊण तासात फुगणारे पीठ जानेवारीत दोन तासही घेते. तेव्हा डबा रजईत गुंडाळून ठेवावा. काडी बारीक असल्याने आतील पाणी लवकर उडून जाते व ती कुरकुरीत होते. पीठ थोडे कमी फुगले तरी काडी बिघडत नाही, म्हणून नवशिक्यांनी येथूनच सुरुवात करावी.

रात्रीच्या जेवणात टोमॅटोच्या साराबरोबर किंवा मुगाच्या कढणाबरोबर ती छान लागते. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी.

आता आमची खरी विनंती. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला लष्कर वसविले. आपल्यापैकी अनेक घराणी त्या काळापासून येथे आहेत. पुरणपोळी टिकली, बेडईही आपली झाली. पण आज मुलांच्या तोंडी गूंथना, बेलना, सेंकना हेच शब्द आहेत. हिंदी आपलीच आहे, आमचे स्वतःचे शिक्षणही हिंदीतूनच झाले. तरी तिंबणे, मळणे, लाटणे, वळणे, शेकणे हे शब्द पुस्तकाने टिकत नाहीत. हात पिठात असताना कानावर पडले तरच टिकतात. म्हणून एखाद्या रविवारी आजीला शेजारी बसवून ही कृती करावी. मुलींप्रमाणेच मुलांनीही पीठ मळावे. काय बिघडले, काय जमले ते मराठीत वहीत लिहून वर्गात वाचून दाखवावे.