बिदरची धावपट्टी आणि उमरग्याचा रस्ता

सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात नळदुर्ग व उमरग्यावरून जातो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय सैन्य याच रस्त्याने निजामाच्या राज्यात शिरले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला आणि पुढची वाट मोकळी झाली. या मोहिमेत विमानांचे काम काय होते, ते पाहू.

विमानांची कथा त्याआधीच सुरू झाली होती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या वेळी बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर निजामासाठी शस्त्रे उतरवत असे. त्याची लँकेस्ट्रियन विमाने म्हणजे लँकेस्टर या बाँबफेकी विमानाचे मालवाहू रूप. कराची ते बिदर हे सरळ अंतर सुमारे १,३०० कि.मी. आहे. विमानाचा पल्ला याच्या कितीतरी पट असल्याने बिदरला इंधन न भरताही परतणे शक्य होते.

पण अवजड विमान पावसाळ्यात उतरणार कोठे? मराठवाड्याच्या काळ्या मातीतील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते, मग चाके रुततात. बिदरचे पठार मात्र जांभ्या खडकाचे आहे. हा खडक सच्छिद्र असल्याने पाण्याचा निचरा होतो आणि पाया टणक राहतो.

भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने पुण्याहून उडत. सेंटॉरस या १८ सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती सुमारे २,५०० अश्वशक्ती होती. हे इंजिन हवेने थंड होई. त्यामुळे गोळी लागून शीतक द्रव गळण्याची भीती नव्हती. पंखांत २० मि.मी.च्या चार तोफा असत. मात्र विमानावर रडार नव्हते. रात्री येणारे लँकेस्ट्रियन त्याला सापडणार कसे?

दिवसा गोष्ट वेगळी होती. १४ सप्टेंबरला उमरग्याहून राजेश्वरकडे निघालेल्या सैन्याच्या वाटेवर शत्रू दबा धरून असल्याचे हवाई टेहळणीत दिसले. टेम्पेस्टनी त्या जागांवर मारा केला आणि दुपारपर्यंत सैन्य राजेश्वरला पोचले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

लढाई पाच दिवसांत आटोपली, तरी माणसांचे हाल तेथे संपले नाहीत. त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. वर्गात या मोहिमेचा नकाशा काढताना हाही भाग सांगायला हवा.

बिदरला १९६३ पासून हवाई दलाचे वैमानिक शिकतात. विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे: पुणे ते उमरगा सरळ अंतर सुमारे ३०० कि.मी.; वेग ताशी ४५० कि.मी. धरला तर मदत पोचायला किती मिनिटे लागतील? उत्तर येते ४०. तेवढ्या वेळात रस्त्यावरच्या तुकडीवर काय ओढवू शकते, याचा विचार त्यांनाच करू द्यावा.