केसाळ लाडक्याची वेणीफणी

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीने बच्चेकंपनीला वेड लावले. ‘आई, आपणही एक आणू या ना!’ हा हट्ट तेव्हा घरोघरी ऐकू यायचा. तेव्हा पामेरियन हवा असे. आता ल्हासा अप्सो, शिह त्झू, गोल्डन रिट्रीव्हर ही नावे मुलांच्या तोंडी असतात. पिल्लू येते, कौतुकाने नाव ठेवले जाते, फोटो निघतात. काही महिन्यांत त्याचे केस भरतात आणि मग सोफ्यावर केस, आमटीत केस अशी कुरकुर सुरू होते. त्यात एप्रिल उजाडला, की कुणीतरी कळवळून सुचवते, ‘बिचाऱ्याला किती उकडत असेल! सरळ चकोट करून टाका.’

हेतू चांगला, सल्ला मात्र बहुतेक वेळा चुकीचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच तो मुख्यतः अंगातली उष्णता घालवतो. गोल्डन रिट्रीव्हर आणि पामेरियन (आपल्याकडचे बरेचसे ‘पामेरियन’ म्हणजे खरे तर इंडियन स्पिट्झ) यांच्या अंगावर दुहेरी आवरण असते. वर लांब केस आणि खाली दाट, मऊ लव. हे आवरण थंडी अडवते, तशीच उन्हाची झळही थेट कातडीला लागू देत नाही. ते मुळापासून भादरले तर कातडी भाजू शकते आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा येतात ते ठिगळे लावल्यासारखे. ल्हासा, शिह त्झू यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते बोटाच्या पेराएवढे राखून कापायला हरकत नाही. बाकीच्यांना उन्हाळ्यात दिलासा मिळतो तो सुटलेली लव विंचरून काढल्याने, सावलीने आणि भरलेल्या पाण्याच्या भांड्याने.

जट बांधते कशी?

खालची लव सुटते, पण लांब केसांत अडकून राहते. घासली गेली, भिजली, की तिचा गुंता होतो आणि गुंत्याची जट. कानामागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि गळपट्ट्याखाली ती हमखास सापडते. वरून केस छान दिसतात, म्हणून ती लक्षातच येत नाही. जट कातडी ओढत राहते. प्रत्येक पावलाला चिमटा बसावा तसे दुखते. पावसाळी दमट हवेत तिच्याखाली ओल कोंडते, कातडी लाल होते, चिघळते. अशा वेळी हात लावताच कुत्रा गुरगुरतो आणि घरची मंडळी म्हणतात, ‘हल्ली चावरा झालाय!’

यावर उपाय रोजच्या दहा मिनिटांचा. पूर्वी आजी नातीच्या केसांचा गुंता सोडवायची, तीच रीत इथेही लागू पडते. आधी रुंद दातांचा कंगवा, मग बारीक. आणि सुरुवात टोकापासून, मुळापासून नव्हे. एका हाताने वरचे केस उचलून धरायचे आणि खालचा एकेक थर कातडीपर्यंत विंचरत वर सरकायचे. पाठीवरून नुसता ब्रश फिरवला तर वरवर चमक येते, गुंता आत तसाच राहतो. जट सापडलीच, तर तिच्यावर थोडे कॉर्नफ्लॉवर भुरभुरावे, मुळाशी केस चिमटीत धरावेत म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि बोटांनी हळूहळू सोडवावी. कातडीला चिकटून बसलेली जट कात्रीने कापायला जाऊ नका. कुत्र्याची कातडी पातळ असते, जटेबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते. तिथे जनावरांच्या डॉक्टरांकडेच जावे.

कंगवा आधी, आंघोळ नंतर

जट भिजली की अधिकच आवळते. म्हणून विंचरल्याशिवाय आंघोळ नको. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी एक आंघोळ सहसा पुरते. पाणी कोमट असावे आणि शाम्पू कुत्र्यांचाच, कारण त्यांची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. शाम्पूचा फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घालावे. टॉवेलने खसाखसा न पुसता दाबून पाणी टिपावे. काखा, कान, पंजांच्या गाद्यांमधली जागा कोरडी झाली, की काम झाले असे समजावे.

विंचरण्याचा मोठा फायदा दिसण्याचा नाहीच. दाट केसांत दडलेली गोचीड, नवी गाठ, छोटी जखम पहिल्यांदा हाताला लागते ती याच वेळी. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये. ती भिंतींच्या फटींतही राहते आणि एक मादी हजारो अंडी घालते, म्हणून घराची साफसफाईही हवीच. गोचीड चावल्यावर काही दिवसांनी कुत्रा अन्न सोडू लागला, तापाने मलूल झाला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. गोचीडतापाने धडधाकट कुत्रेही दगावतात.

पिल्लाला पहिल्या आठवड्यापासूनच दोन-दोन मिनिटे कंगव्याची सवय लावावी आणि नंतर हातावर खाऊ ठेवावा. मोठेपणी तोच कंगवा पाहून तो आपणहून येऊन बसतो. मुलांनाही हे काम जमते, फक्त शेजारी मोठे माणूस असावे.

म्हणूनच पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवावे, रोजची ही दहा मिनिटे कुणाची? मुलांच्या परीक्षा असताना कुणाची? आणि हो, पुढची दहा-बारा वर्षे कुणाची? उत्तर मिळाले नाही, तर आखूड केसांचा आपला गावठी कुत्रा आणावा. तो आपल्या हवेत रुळलेला असतो, कंगव्याची फारशी अपेक्षा ठेवत नाही आणि दारात शेपूट तितक्याच आनंदाने हलवतो.